पदरचा प्रश्न

आमच्या घरात आलेला कोणताही कागद माझ्या हाताखालून गेल्याशिवाय पेटीत जात नाही. सातबारा, धान विकल्याची पावती, गॅसचं पुस्तक, बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पेपर, सगळं एका निळ्या फायलीत मी लावून ठेवलं आहे. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. गोंदियात एका ऑनलाइन सेंटरवर लोकांचे फॉर्म भरते, शेजारच्या कुडव्यात खोली करून राहते आणि पंधरवड्याला गावी जाते. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडचा डोंगर दिसतो इतक्या अंतरावर. गावातही कोणाकडे नोटीस आली, बँकेचं पत्र आलं की मी येईपर्यंत ते राखून ठेवतात.

ही पदवी मला दादामुळे मिळाली. बारावीनंतर त्याने शिक्षण सोडलं आणि बालाघाट रोडवरच्या एका ढाब्यात कामाला लागला. माझा निम्मा अभ्यास त्याने कढईसमोर उभं राहून केला, असं मी मानते. पुढे एजंटमार्फत तो आखातात गेला. जाताना करारावर मला न दाखवता सही केली. स्वयंपाकी म्हणून गेला आणि पहिलं वर्षभर त्याला गाड्या धुवायला लावल्या. तेव्हापासून त्याने एक नियम केला. फोनवर म्हणाला होता, "बाई, आता तू वाचल्याशिवाय मी कशावरच सही नाही करत."

हा नियम त्याने नको त्या वेळी पाळला. ती ही गोष्ट.

दादा ज्या अरब कुटुंबात काम करायचा, त्या घराच्या मालकाला तिकडे कफील म्हणतात. परवाना, पासपोर्ट, राहणं, सगळं त्याच्या हातात. उन्हाळ्यात हे कुटुंब तुर्कस्तानातल्या एका उंच डोंगरी गावात थंडाव्याला जायचं. त्या वर्षी स्वयंपाकासाठी दादालाही सोबत नेलं. पहिल्या दिवशी त्याने फोटो पाठवले. हिरवे उतार, लाकडी घरं, दुपारी बाराला धुकं. बाबांनी फोटो पाहून विचारलं की तिथे धान होतं का. तिसऱ्या दिवशी फोन आला तो दवाखान्यातून. डाव्या कुशीत बरगडीखाली अशी कळ उठली की तो चुलीपाशीच बसला. ताप, उलट्या. डोंगरातल्याच एका लहान शहराच्या दवाखान्यात त्याला भरती केलं होतं.

गावात तेव्हा धानाची रोवणी चालू होती. मी सेंटरवरून सुट्टी घेऊन घरी गेले. आईबाबा दोघंही बांधीतून तसेच येऊन ओसरीवर बसले होते, पायांवरचा चिखल वाळत होता. दादाने मोबाइलवर दोन कागदांचे फोटो पाठवले होते. एक तुर्की, एक अरबी. डॉक्टर ऑपरेशनचं म्हणत होते आणि सही मागत होते. दुखणं उतरलं नाही तर तीन दिवसांनी सकाळी पोट उघडायचं. दादा शुद्धीवर होता, सही त्याचीच लागणार होती, आणि तो म्हणत होता, बहीण वाचेल, मग करीन.

तुर्की भाषा इंग्रजीसारख्या अक्षरांत लिहितात. कुठे अक्षराखाली शेपूट, कुठे डोक्यावर टिंबं. मी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. सगळा वाचता आला आणि एक शब्द कळला नाही. मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपवर फोटो टाकला. फोटो तिरपा होता, निम्म्या ओळी तुटल्या. हाती तीन शब्द आले: प्लीहा, काढणे, मूत्रपिंड.

प्लीहा म्हणजे काय ते घरात कोणाला माहीत नव्हतं. मी शब्दकोशात पाहून सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "पानथरी म्हणते त्याले. हिवतापात वाढते. पण ते काढते कोण?" मग म्हणाले, "मूत्रपिंड म्हणजे किडनी ना?"

तिघांच्याही मनात एकच आलं. परदेशात गेलेल्या गरीब माणसाचं पोट उघडतात आणि किडनी काढून घेतात, हे आमच्याकडे बाजारात, बसमध्ये, सगळीकडे बोललं जातं. मी पदवीधर आहे, अशा बोलण्यावर लोकांना समजावते. त्या दिवशी मी कोणाला समजावलं नाही.

आता दादाचं म्हणणं डॉक्टरपर्यंत आणि डॉक्टरचं आमच्यापर्यंत येत होतं ते असं: डॉक्टर तुर्कीत बोलायचा. दवाखान्यातली एक बाई ते अरबीत सांगायची, कारण कफीलला फक्त अरबी येत होतं आणि दादाला स्वयंपाकघरापुरतं अरबी. दादा ते ऐकून आम्हाला आपल्या बोलीत सांगायचा. म्हणजे सगळी भिस्त त्या एका बाईवर. ती दवाखान्याची. अरबी कागदही तिनेच तयार केला होता. तुर्कीत एक लिहिलं असेल आणि अरबीत दुसरं, तर आम्हाला ते कोण सांगणार होतं? दोन्ही भाषा येणारा, आणि दवाखान्याचं मीठ न खाणारा माणूस शोधायचा, असं मी ठरवलं. गोंदिया जिल्ह्यात बसून.

अरबी म्हटल्यावर आम्हाला एकच जागा सुचली. प्रतापगडला दर्ग्याच्या वाटेवर एक म्हातारे चाचा चादरी आणि अगरबत्तीचं दुकान लावतात. आम्ही त्याच डोंगरावरच्या महादेवाला गेलो की उतरताना त्यांच्याकडे पाणी प्यायचं, असं माझ्या लहानपणापासून आहे. मुलांना ते अरबी वाचायला शिकवतात. मी गाडीवर गेले. त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल लांब धरला आणि कागद वाचायला लागले. इतकं स्वच्छ, ठेक्यात वाचलं की मला वाटलं, झालं काम. शेवटची ओळ संपली तशी मी विचारलं, काय लिहिलं आहे.

चाचांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "बेटी, पढ़ना आता है. मतलब नहीं आता."

आदल्या दिवशी मी तुर्की कागदाचं तेच केलं होतं.

त्यांचा एक पुतण्या वीस वर्षं आखातात राहून आला होता, ट्रक चालवायचा. चाचांनी त्याला फोन लावून दिला, मी अरबी कागद पाठवला. त्याने सांगितलं की हे डॉक्टरी अरबी आहे, आम्ही बाजारातलं बोलतो. पण एक शब्द मला ओळखू येतो, तो दोनदा आला आहे. किडनी.

घरी येऊन हे सांगितलं. बाबांनी डोक्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला. "म्हणजे किडनीच," म्हणाले. आई म्हणाली, त्याला सांग सही करू नको. मी दादाला तसं सांगितलंही. त्याचा आवाज खोल गेला होता. "दुखून राहिलं बाई," एवढंच म्हणाला.

माझ्यावर काय येऊन पडलं होतं ते मला त्या वाक्याने कळलं. सही कर म्हटलं आणि किडनी गेली, तर माझ्यामुळे. करू नको म्हटलं आणि आत काही फुटलं, तरी माझ्यामुळे.

दुपारी मी घरातूनच मोबाइलवर शोध सुरू केला. तुर्की-अरबी वैद्यकीय भाषांतर करून देणारे पुष्कळ निघाले. एकाने पाव तासात शिक्का मारलेलं भाषांतर पाठवलं. मी दुसरं पान अजून पाठवलंही नव्हतं. उघडून पाहिलं तर रुग्णाचं वय बासष्ट. दुसऱ्याच कोणाचा तरी कागद त्याने नाव बदलून दिला होता. दुसऱ्या एकाने आधी पासपोर्टचा फोटो मागितला. मी दोघांनाही उत्तर दिलं नाही. तिसरा तुर्कस्तानातल्या एका शहरात शिकणारा अरब विद्यार्थी होता. त्याने इंग्रजीत लिहिलं की कागदाचं भाषांतर मी करणार नाही, मला डॉक्टरी शब्द नीट येत नाहीत आणि चूक झाली तर माणूस जाईल. दवाखान्याच्या अनुवादिकेशीच थेट बोला.

इतक्या लोकांत माझा त्याच्यावर विश्वास बसला तो त्याने नाही म्हटलं म्हणून. मी त्याला विचारलं की मी तिच्याशी बोलले आणि ते बोलणं पाठवलं, तर ती डॉक्टरचं जसंच्या तसं सांगते का एवढं ऐकून सांगशील का. तो म्हणाला, ऐकीन.

तिच्याशी पहिलं बोलणं त्याच दिवशी चारच्या सुमारास झालं. तिकडे दुपार नुकतीच लागली होती. दादाच्या पलंगाशी डॉक्टर आणि कफील उभे होते आणि मोबाइल तिने धरला होता. पस्तिशीची असेल. डोक्याला राखाडी रुमाल, हातात वही. युद्धात आपला देश सोडून आलेली, हे दादाने आधी सांगितलं होतं. माझ्याशी मोजक्या इंग्रजीत बोलायची. माझं इंग्रजीही गावच्या शाळेतलं, त्यामुळे दोघी सावकाश बोललो. इकडे ओसरीवर मी, आई आणि बाबा. आईच्या मोबाइलवर मी सगळं रेकॉर्ड करत होते. तिला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर बोलला, तिने वहीत लिहिलं, कफीलला अरबीत सांगितलं, मला इंग्रजीत सांगितलं. पानथरीचा एक भाग रक्त न पोचल्याने मेला आहे. कारण कळत नाही. तो भाग सडला किंवा फुटला तर जीव धोक्यात, म्हणून काढायचं म्हणतात. मग ती म्हणाली, आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा.

मला राग आला. मी दुसरीतली मुलगी आहे का? की मी काय समजले आणि काय नाही हे काढून घेते आहे? तरी सांगितलं. किडनीचा मुद्दा मी मुद्दाम काढला. ती म्हणाली, किडन्या दोन्ही चांगल्या आहेत, असं कागदात लिहिलं आहे. हे तिने इतक्या सहज सांगितलं की माझा संशय वाढला.

नंतर ती डॉक्टरशी तुर्कीत काही बोलली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, घरात कोणाला रक्ताचा आजार आहे का? जन्मापासूनचा? भावाला मी तीनदा विचारलं, तो नाही म्हणतो. आईला विचारा.

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "नाही." माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाली. मग म्हणाली, "रक्ताचं कायले विचारून राहिली ते? रक्तबिक्त काढून घेते का?"

मी तिकडे 'नाही' सांगितलं. बाई माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली. पुन्हा म्हणाली, नीट विचारा. उद्या याच वेळी मी परत फोन करते.

खरं लिहायचं तर सिकलसेल हा शब्द माझ्या मनात आला नाही असं नाही. आमच्या भागात तो कोणाला नवा नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा हा दोष घराण्यात उतरतो. शाळेत तपासणीला पथक यायचं, बोटाला टोचायचे. माझं तपासलं होतं तेव्हा काही निघालं नव्हतं. आणि घरातला प्रत्येक कागद मी पाहिलेला. असं काही असतं तर फायलीत असतं. आला तसा तो शब्द गेला.

रेकॉर्डिंग विद्यार्थ्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं उत्तर आलं. लांबलचक, क्रमवार. डॉक्टर जे बोलला ते तिने अरबीत बरोबर सांगितलं आहे, एक शब्द कमी-जास्त नाही. किडन्या चांगल्या आहेत हे डॉक्टरनेच म्हटलं. पण रक्ताच्या आजाराचं डॉक्टरने विचारलेलं नाही. ते तिने स्वतःहून काढलं. आधी डॉक्टरला म्हणाली, मी घरच्यांना एक विचारू का, आणि तो म्हणाला, विचार.

मी ते तीन वेळा वाचलं. किडनीची भीती एकदम गेली. पण तिच्या जागी दुसरं काही आलं. अनुवाद करणाऱ्याने सांगितलेलं सांगायचं असतं. ही पदरचं का विचारते? डॉक्टरला जे सुचत नाही ते हिला का सुचतं? बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, दवाखान्याला आपली चूक कोणाच्या तरी रक्तावर ढकलायची असेल. मला ते पटलं. सेंटरवर मीही रोज पाहते, फॉर्म चुकला की आधी अर्जदाराचं काही चुकलं का ते शोधतात.

आई त्या सकाळी रोवणीला गेली नाही. मजूर बायांनी हाक मारली तरी गेली नाही. पाणी भरायची पितळी गुंडी घासत बसली, घासलेलीच परत घासली. मला वाटलं, लेकाची काळजी.

चार वाजता फोन आला. आज डॉक्टर नव्हता, फक्त ती आणि पलंगावर दादा. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी सरळ विषय काढला. म्हटलं, काल मी तुमचं बोलणं तुम्हाला न विचारता रेकॉर्ड केलं आणि तुर्की जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घेतलं.

तिने मान हलवली. चांगलं केलंत, म्हणाली. मीही हेच केलं असतं.

मी म्हटलं, रक्ताचं डॉक्टरने विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलं. का?

तिने वही मिटून मांडीवर ठेवली. मग बोलली ते मी माझ्या भाषेत लिहिते, कारण तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी मिळून वाक्यं तुटकी होती. ती म्हणाली, आमच्या गावाकडे हा रक्ताचा आजार आहे. माझ्या धाकट्या बहिणीला आहे. हे डॉक्टर ज्या भागातले आहेत तिथे तो दिसत नाही, म्हणून त्यांच्या मनात पटकन येत नाही. एक माणूस गरम सपाट देशातून येतो, उंच डोंगरावर चढतो आणि तिसऱ्या दिवशी त्याची पानथरी दुखते. असं मी आमच्याकडे एकदा पाहिलं आहे. मला स्वतःचं बोलायची परवानगी नसते, म्हणून डॉक्टरांना विचारून विचारलं. तपासणीचं रक्त मोठ्या शहरात पाठवलं आहे, पण उत्तर यायला चार दिवस लागतील. ऑपरेशन उद्या सकाळी आहे.

मी म्हटलं, पण आमच्या घरात कोणाला नाही. आईने सांगितलं.

ती म्हणाली, माझ्या आईनेही दवाखान्यात असंच सांगितलं होतं. आमच्याकडे लपवतात. घरात लग्नाची मुलगी असली की लपवतात. तुमच्याकडे लपवतात का?

हे मी आईला मराठीत सांगितलंच नाही. मला सांगता आलं नाही. त्याच महिन्यात तिरोड्याकडची, बोदलकसा तलावाजवळच्या एका गावातली मंडळी मला पाहून गेली होती. मुलगा शिक्षक. त्यांचा निरोप यायचा होता. मी फक्त वळून आईकडे पाहिलं. तिला इंग्रजीतलं काही कळलं नसेल, पण माझा चेहरा तिने वाचला.

बाबांनी विचारलं, "काय म्हणून राहिली ते?"

आई उठली. आतून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली, सुयादोऱ्याचा. रिळं, गुंड्या, ब्लाउजचे हूक ओसरीवर ओतले. तळाला कापडाचा तुकडा होता आणि त्यात घडी घातलेलं एक कार्ड. ते तिने माझ्याकडे दिलं नाही, मधे जमिनीवर ठेवलं.

दादाचं सिकलसेलचं कार्ड. नाव, गाव, वय पंधरा. खाली शाईने लिहिलेलं: वाहक.

मी काही विचारायच्या आत आई बोलायला लागली, जमिनीकडे बघून. "बाई आली होती दवाखान्याची. थोडकं आहे म्हणे, काही होत नाही म्हणे. तुझ्यात नव्हतं निघालं. पण भावात आहे म्हटलं का लोक घराले नाव ठेवते. कोण करते मंग तुले?"

बाबा म्हणाले, "मले बी नाही सांगितलं?"

"तुमाले सांगितलं असतं, तं पानठेल्यावर गेलं असतं."

त्यात खोटं काही नव्हतं.

मोबाइलमधून दादाचा बारीक आवाज आला. त्याने सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "बाई, मले माहीत होतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. तीनदा नाही म्हणाला होता तो. कळ सोसत, अरबीत, आपल्या बोलीत, जमेल त्या भाषेत नाही म्हणाला होता.

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तुझं जमून राहिलं होतं ना," तो म्हणाला. "कफीलनं ऐकून एजंटले सांगितलं असतं, एजंट आपल्याच तालुक्यातला."

ती बाई आमची एक ओळही न समजता ऐकत होती. तिने कोणाला थांबवलं नाही. मी कार्ड उजेडात धरून समोरच्या बाजूचा फोटो काढला, तिला पाठवला आणि इंग्रजीत एकच शब्द सांगितला, सिकलसेल. ती लगेच उठली. मग थांबली, मोबाइल वळवला आणि म्हणाली, आता तुम्ही काय सांगितलं ते मला पुन्हा सांगा, म्हणजे मी डॉक्टरांना चुकीचं सांगणार नाही. या वेळी मी सावकाश, एकेक अक्षर सांगितलं. भाऊ वाहक आहे, रुग्ण नाही. तपासणी पंधराव्या वर्षी झाली. आईला माहीत होतं. भावाला माहीत होतं.

शेवटची दोन वाक्यं वहीत लिहायची गरज नव्हती. तिने ती लिहिली नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं. मला समजलं ते असं, की वाहकाला एरवी काही होत नाही, पण विरळ हवेच्या उंचीवर त्याच्या पेशी वाकून पानथरीत अडकू शकतात. दादाला ऑक्सिजन लावला, सलाइन वाढवलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीने खाली समुद्रकाठच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ती सोबत गेली नाही, तिची नेमणूक तिथलीच. पण तिथल्या अनुवादकासाठी तिने सगळं दोन भाषांत लिहून दादाच्या उशाशी ठेवलं, असं तो म्हणाला. मेलेला भाग हळूहळू आकसला. पानथरी राहिली. तो सव्वा महिन्याने घरी आला, बारीक झालेला, आणि पहिल्या दिवशी भाताबरोबर फक्त वरण मागितलं.

तिरोड्याच्या मंडळींना कळवायचं मीच म्हटलं. मामा मध्यस्थ होते. ते चिडले. "काऊन सांगतेस पोरी? तुझं तं बरोबर आहे." माझं बरोबर आहे याचा कागद मी गोंदियाला पुन्हा तपासून घेऊन आणला होता. मामांनी कळवलं. तिकडून उत्तर आलं की विचार करून सांगतो. त्यानंतर बाजारात, बसमध्ये कोणी माझ्याकडे जरा जास्त पाहिलं की याला कळलं असेल का, असं मनात येतं. ही सवय अजून गेलेली नाही. आणि दुसरीही एक लागली. आईने पटकन 'नाही' म्हटलं की मी तिच्या हातांकडे बघते, ते घासलेलंच परत घासतात का म्हणून. तिला ते कळतं. तिला वाईट वाटतं हेही मला कळतं.

त्या बाईला मी दोनदा लिहिलं. आभार मानले आणि रेकॉर्डिंगबद्दल माफी मागितली. तिने उत्तरात एवढंच विचारलं की तुमच्या आईवर कोणी रागावलं तर नाही ना. याचं उत्तर मी बरेच दिवस दिलं नाही, कारण रागावलेली मीच होते. माझ्याच नावाने घरात एक कागद लपवला गेला आणि माझ्याच नावाने दादाने कळ सोसली, आणि मी मात्र सगळे कागद मी वाचलेत अशा रुबाबात फिरत होते.

दादा आल्यावर आठ दिवसांनी मी निळी फाईल काढली. कार्ड तिच्यात लावायचं होतं. आई भाजी निवडत जवळच होती. आईला वाचता येत नाही. सही येते, तीही मी सातवीत असताना शिकवलेली.

"वाच तं," ती म्हणाली. "काय लिवलं आहे?"

समोरची बाजू तिला माहीत होती, ती मी वाचली. मग कार्ड उलटवलं. मागे बारीक अक्षरांत सूचना छापल्या होत्या. त्या मी त्या दिवशी पाहिल्या नव्हत्या, घाईत समोरचाच फोटो काढला होता. साध्या मराठीत होत्या. भरपूर पाणी प्यावे. फार उंच ठिकाणी जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. कोणत्याही दवाखान्यात जाताना हे कार्ड सोबत न्यावे व दाखवावे.

आईचा हात भाजीवर थांबला. "असं लिवलं आहे त्यात?"

"हो."

"कार्ड देणाऱ्या बाईनं तं एवढंच सांगितलं होतं, का काही होत नाही." मग ती म्हणाली, "वाचाले एकटी तूच होतीस घरात. तुलेच कसी देऊ वाचाले?"

तिने भाजीचं ताट बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "अजून एकदा वाच. सावकास."

मी सावकाश वाचलं. आणि वाचून झाल्यावर तिला विचारलं, आता तू सांग, मी काय वाचलं.

आईने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग एकेक ओळ बोटांवर मोजत सांगायला लागली. पाणी. उंच जागा. दवाखान्यात न्यायचं. दाखवायचं.